उभ्या रेघा

जेनिवालमामाच्या दुकानात तीन टीव्ही,
तीन काळ्या पेट्या,
आणि एक गजराचं घड्याळ, ते माझ्या ताब्यात.
अर्ध्या तासाचा भाव मी पाटीवर खडूने लिहायची;
शुक्रवारी लिहिलेला सोमवारी पुसायची.
त्या वर्षी पैसाही तसाच आटत होता
जसा कांपिना ग्रांदेचा तलाव.

नळाला पाणी मंगळवारी.
आलं तर.

पोरं यायची मारामारीसाठी, मोटारींसाठी,
आणि डोळ्यांचं पारणं फेडायला.
एका खेळात डोंगर हळू सरकायचे,
झाडं जरा घाईने,
कुंपण तर धावतच सुटायचं.
रेसिफेच्या बसची खिडकीच जणू
कुणी उपटून आणून इथे ठोकली होती.
दुसऱ्यात एक राक्षस पडदाभर वळायचा,
एकेक मणका आधीच्यापेक्षा किंचित उशिरा,
आणि मामा हातातली सोल्डरिंगची सळई खाली ठेवून म्हणायचा,
"चौसष्ट रंग, पोरी. सगळे मिळून चौसष्टच.
मोजून बघ."
मी कधी मोजले नाहीत.

आदेमिर खेळायचाच नाही.
टँकरवाल्याचा मुलगा, कोपरांना कायम ओल्या रबराचा वास.
पूर्ण अर्ध्या तासाचे पैसे मोजायचा,
कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायचा,
पहिला टप्पा झरझर ओलांडायचा
आणि दुसऱ्यात, धबधब्यापाशी, थांबायचा.

बस्स. थांबायचा.

पडद्यातला गडी कंटाळून जांभया द्यायचा.
मागे रांगेत उभी पोरं ओरडायची,
"अरे, मर ना एकदाचा!"
आदेमिर बघत राहायचा.
पाणी पडत होतं आणि पाण्याच्या आरपार दिसत होतं:
मागचा कातळ, कातळावरचं हिरवं काहीतरी.
"ते काय असतं?" त्याने मला विचारलं.
शेवाळ असणार, मी म्हटलं.
तोवर मीही पाहिलं नव्हतं.

घड्याळाची चावी माझ्या हातात होती.
दोनदा मी गजर लावायला विसरले.
तीनदा.

पुढे तो दक्षिणेला गेला,
फ्रीजच्या कारखान्यात लागला, असं ऐकते.
दुकानाच्या जागी आता रविवारी प्रार्थना होते.
मामाची एक पेटी तेवढी माझ्याकडे आली,
बुटांच्या खोक्यात, तारेच्या वेटोळ्यासकट.

परवा भाच्याने, कायकीने, ती नव्या टीव्हीला जोडली.
माझ्या पलंगाहून लांब टीव्ही.
गडी आला, डोंगर सरकले, पहिला टप्पा संपला,
आणि धबधबा नव्हता.
निळी रेघ. रिकामी जागा. निळी रेघ. रिकामी जागा.
वरपासून खालपर्यंत, कंगव्याच्या दातांसारखी.
"मावशी, हे तुझं पाणी? हे तर खिडकीचे गज."

मग त्यानेच कुठून कुठून शोधून मला समजावलं.
आरपार दिसणारा रंग त्या पेटीला येतच नव्हता.
म्हणून चितारणाऱ्याने एक रेघ काढली, एक सोडली,
आणि उरलेलं काम आमच्यावर टाकलं:
जुन्या वायरीवर, फुगीर काचेवर,
रंगात रंग सांडणाऱ्या स्वस्त टीव्हीवर.
म्हणजे पाणी पेटीत नव्हतंच कधी.

मी त्या माणसाचा विचार करते.
जगाच्या कुठल्या टोकाला, रात्री,
चौकटीच्या कागदावर चौकोन भरत बसलेला,
आमच्या घरात चांगलं काही नसणार
हे गृहीत धरून,
त्यावर भरवसा टाकून.

कायकी स्वयंपाकघरात गेला तेव्हा
मी चष्मा काढला.
वजा साडेचार, दोन्ही डोळे.

गज वितळले.
कातळ आला, त्यावर हिरवं आलं,
आणि मध्ये पडत राहिलं ते.
गड्याने जांभई दिली.

"मावशी, पुढे जायचं ना?"
थांब, म्हटलं.
अजून गजर झालेला नाही.